दक्षिणा आणि ग्रंथनिवड

दहिसरच्या वाचकमंडळींत अवश्य वाचावयाच्या मराठी ग्रंथांचा वाद निघाला, की मला पेशवाईतील दक्षिणेचा इतिहास आठवतो. शास्त्रीपंडितांस वाटली जाणारी ही रक्कम कंपनी सरकारनेही चालू ठेवली. तिचा काही हिस्सा मराठी ग्रंथरचनेस मिळावा, असा अर्ज लोकहितवादीप्रभृती सुधारकांनी केला, तेव्हा पुण्यातील सनातनी मंडळी खवळली. तरीही दक्षिणा प्राइझ कमिटी स्थापन झालीच. मात्र गर्भवती कुणबिणीस ग्रहदशेची भीती घालून जोशी तिच्या घरास कर्जात कसे लोटतो, हे दाखविणारे जोतीराव फुले यांचे ‘तृतीय रत्न’ हे १८५५ चे नाटक त्याच कमिटीने नाकारले. ते छापून येण्यास १९७९ साल उजाडले. माझ्या यादीत त्याचे स्थान पहिले आहे.