एकोणतीस अंकांची एक आगमोक्त संख्या

लोक, काल आणि जीव यांचे स्वरूप सांगताना जैन आचार्यांना संख्यात, असंख्यात व अनंत असे भेद करावे लागले. त्यामुळे गणित हे शास्त्राध्ययनाचेच एक अंग बनले. या परंपरेतील एका संख्येचा येथे परिचय करून देत आहोत.

अनुयोगद्वारसूत्रात मनुष्यांच्या संख्येची ओळख अनेक प्रकारे दिली आहे. ती एकोणतीस स्थाने व्यापते. दोनच्या सहाव्या वर्गास पाचव्या वर्गाने गुणिले असता ती येते. आणि दोनने तिचा शहाण्णव वेळा छेद होतो.

दोनचा पहिला वर्ग ४, दुसरा १६, तिसरा २५६, चौथा ६५,५३६, पाचवा ४,२९,४९,६७,२९६. याचाही वर्ग केला की सहावा येतो. पाचव्यात दोन हा अंक ३२ वेळा आणि सहाव्यात ६४ वेळा गुणिलेला असतो. म्हणून गुणाकारात तो ९६ वेळा येतो. ती संख्या अशी :

७९,२२,८१,६२,५१,४२,६४,३३,७५,९३,५४,३९,५०,३३६

सहावा वर्ग हा पाचव्याचाच वर्ग असल्याने ही संख्या पाचव्या वर्गाचा घन ठरते. तिला ९७ विभाजक आहेत. स्वतःखेरीज इतर सर्वांची बेरीज केली, तर ती मूळ संख्येहून केवळ एकाने उणी भरते.

हस्तलिखितांच्या काळात एकोणतीस अंकांतील एखादा अंक नकलताना चुकला असता, तर तो कोणाच्या ध्यानी आला असता? परंतु येथे संख्येबरोबर तिची कृतीही जतन झाली. पोथीतील अंक पुसला गेला तरी अभ्यासक ती संख्या पुन्हा उभी करू शकतो, आणि एक ओळख दुसरीची साक्ष देते.

किती वेळा अर्धे करता येते, या मोजणीस वीरसेनाचार्यांच्या धवला टीकेत ‘अर्धच्छेद’ म्हटले आहे. गुणाकाराचे अर्धच्छेद म्हणजे गुण्य व गुणक यांच्या अर्धच्छेदांची बेरीज, हा नियम त्यांना ज्ञात होता. युरोपात नेपियर यांची लॉगॅरिदमची कोष्टके १६१४ साली प्रसिद्ध झाली. त्याच्या मुळाशी असलेला हा विचार धवलेत सुमारे आठ शतके आधी आढळतो. विभूतिभूषण दत्त यांनी १९२९ मध्ये जैन गणितावर लेख लिहिला. १९३९ पासून डॉ. हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली अमरावतीहून धवला प्रकाशित होऊ लागली, आणि मूडबिद्रीच्या ताडपत्रांत जपलेले हे ज्ञान सर्वांसाठी खुले झाले.

अभिमानाच्या भरात या संख्येस आजची जनगणना मानणे मात्र योग्य नव्हे. २०२२ मध्ये जगाची लोकसंख्या आठशे कोटींवर गेली. ती अवघी दहा अंकी आहे. आगमातील मनुष्यलोकाची कल्पना वेगळी आहे. या संख्येचे खरे मोल तिच्या मांडणीतील शिस्तीत आहे.

आपल्या पाठशाळेतील मुलांनी ही संख्या केवळ पाठ करू नये. एकापासून आरंभ करून शहाण्णव वेळा दुप्पट करावी. उत्तर जुळेल, तेव्हा पूर्वाचार्यांचा परिश्रम त्यांना आपोआप उमगेल.