फुरसे आणि रक्तवाहिनीची भिंत

दिवाळीच्या सुमारास आमच्या मुरुडकडच्या सड्यांवर गवत कापणी सुरू होते आणि जांभ्याच्या दगडांआड फुरसे दबा धरून असते. माझ्या आजीच्या थोरल्या भावाला ते असेच चावले. आजी सांगे, ‘‘पाय सुजला, मग हिरड्यांतून रक्त यायला लागलं, जुनी भरलेली जखमसुद्धा पुन्हा वाहू लागली. तिसऱ्या दिवशी दादा गेला.’’ दंश पायाला आणि रक्त हिरडीतून, या कोड्यामागे मी पुढे कित्येक वर्षे वाचत राहिलो.

उत्तर विषातल्या विकरांत आहे. जस्ताच्या आधारे प्रथिने कापणारी ही विकरे केशवाहिन्यांचे नाजूक अस्तर तोडतात. त्यांच्याच जातीचे एकारिन हे विकर रक्त गोठवणारे घटक शरीरभर अकारण खर्ची घालते. भिंतीला भगदाड पडते आणि ते बुजवायला काही उरत नाही.

अशी विकरे आपल्या शरीरातही असतात, याचा छडा बुडापेस्टमध्ये लागला. योझेफ बालो विकृतिशास्त्रज्ञ, पत्नी इलोना बांगा जीवरसायनशास्त्रज्ञ. कठीण झालेल्या धमन्यांतले लवचिक तंतू जातात कुठे, हा त्यांचा प्रश्न होता. १९४९ साली स्वादुपिंडाच्या अर्कात त्यांना हे चिवट तंतू विरघळवणारे विकर सापडले. तेच इलॅस्टेज. पुढे पांढऱ्या पेशींतही तसेच विकर मिळाले. फुगलेल्या महाधमनीत तर जस्तावर चालणारी विकरे आढळली. ती फुरशाच्या विकरांची दूरची भावंडे! हे तंतू मुख्यतः लहानपणीच विणले जातात, नंतर फारसे नव्याने होत नाहीत. म्हणून फुरसे काही तासांत जे करते, त्याच्यासारखेच काही आपल्या महाधमनीत दशकानुदशके चालते. धूम्रपानाने त्याला वेग येतो.

महाधमनीची ही झीज वेळीच हेरणे आजही अवघड आहे. फुरशाचे तसे नाही. परळच्या हाफकिनमध्ये घोड्यांच्या रक्तापासून प्रतिविष तयार झाले. १९७७ साली डेव्हिड वॉरेल आणि सहकाऱ्यांनी नायजेरियातल्या फुरसेदंशाच्या रुग्णांवरचा अभ्यास मांडला. आमच्या महाडला डॉ. हिंमतराव बावसकरांनी विंचूदंशाबरोबर सर्पदंशाचेही रुग्ण पाहून त्यावर लिहिले. निदानाला मोठी प्रयोगशाळाही लागत नाही. स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत थोडे रक्त घ्यायचे, वीस मिनिटे न हलवता ठेवायचे आणि नळी कलती करायची. रक्त पातळच राहिले, तर प्रतिविष द्यायची वेळ झाली.

आजीच्या दादापाशी तीन दिवस होते. कमी पडली ती वीस मिनिटांची माहिती.