दिनविशेष : १ जानेवारी
१९८३ : अमेरिकी संरक्षण खात्याच्या 'अर्पानेट' या संगणक-जाळ्याने जुना 'एनसीपी' प्रोटोकॉल सोडून 'टीसीपी/आयपी' स्वीकारला. व्हिंट सर्फ आणि रॉबर्ट कान यांनी त्याचा आराखडा १९७४ मध्ये मांडला होता. संदेशाचे तुकडे करायचे, प्रत्येकावर क्रमांक घालायचा, पोच आली नाही तर तो तुकडा पुन्हा धाडायचा, अशी ही रीत. 'स्थित्यंतरातून तरलो' अशा अर्थाचे बिल्लेही तेव्हा निघाले. भारतात १९८६ मध्ये सुरू झालेल्या 'अर्नेट' या शिक्षण-संशोधन संस्थांच्या जाळ्यानेही पुढे हीच वाट धरली. त्यात मुंबईतून जुहूची एनसीएसटी ही संगणक-संशोधन संस्था आणि पवईची आयआयटी होती. आज बीड जिल्ह्यात, आष्टी-पाटोद्यातल्या शेतकऱ्याच्या मोबाइलवर उघडणारा सातबाराही अशाच क्रमांक घातलेल्या तुकड्यांनी येतो.