शिलेदाराची कडाबीन

यंदा आमच्या अमरावतीच्या घरी खंडेनवमीची शस्त्रपूजा झाली ती जरा जड मनानेच. पाटावर नेहमीचीच मंडळी होती : विळा, अडकित्ता, वडिलांचा टाक, आणि मधोमध खापरपणजोबांची कडाबीन. पुढच्या दसऱ्याला ती तेथे असावी की नसावी, एवढाच प्रश्न होता.

पावसाळ्यात धाब्याचा एक खण खचला. मुंबईच्या एका जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याने देऊ केलेल्या पैशांत तो नवा झाला असता. अकोल्याची आक्का म्हणाली, "इकून टाक ना भाऊ! थ्या लोखंडानं गळणं थांबते काय?"

बंदुकीचा कान पुन्हा दुरुस्त होऊ नये असा केव्हाच बुजविलेला, तेव्हा १९५९ च्या शस्त्रकायद्याची भीती नव्हती. शंभर वर्षांवरची वस्तू परदेशी धाडण्यास १९७२ चा कायदा आडवा येतो. पण गिऱ्हाईक मुंबईचेच होते. माझे घोडे निराळ्याच ठिकाणी अडले होते.

ही खास स्वाराची बंदूक. नळी आखूड, ठासणीचा गज नळीच्या तोंडाशी कडीने कायमचा जोडलेला, धावत्या घोड्यावर हातून निसटू नये म्हणून. खापरपणजोबा एलिचपूरच्या छावणीत, म्हणजे आजच्या परतवाड्यात, हैदराबाद कंटिंजंटच्या रिसाल्यात शिलेदार होते. "झाशीच्या लढाईत मिळविली" असे घरात अभिमानाने सांगत. कोणत्या बाजूने लढताना, हे मात्र कोणी सांगत नसे! १८५८ साली कंटिंजंटचे स्वार ह्यू रोजच्या फौजेत होते, राणीच्या समोर. लहानपणी हे कळले तेव्हा मी दोन दिवस त्या बंदुकीकडे पाहिले नव्हते.

बरे, मिळविली हेही खरे कशावरून? शिलेदाराचा घोडा त्याचा, खोगीर त्याचे, पोशाखही त्याचाच. बंदूक मात्र पुढे पुढे सरकारच देई. म्हणजे आमच्या घरातली सगळ्यांत मानाची वस्तू तेवढी आमची नसण्याचाच संभव अधिक!

मग कोणाची? या फौजेच्या खर्चापायी निजामावर कंपनीचे कर्ज साचले, आणि १८५३ च्या तहाने डलहौसीने वऱ्हाड आपल्या ताब्यात घेतला. तेव्हापासून फौजेचा खर्च वऱ्हाडच्या वसुलातून भागू लागला. पुढे १९०२ मध्ये कर्झनने सालीना २५ लाख रुपयांवर वऱ्हाड कायमचा पट्ट्याने घेतला, आणि १९०३ मध्ये कंटिंजंट हिंदी सैन्यात विरून गेले. स्वारी गेली, शिलेदार गेले; सारा भरणारा कास्तकार तेवढा राहिला. तहानंतरच्या त्या बंदुकीचे दाम अखेर त्याच्याच कपाशी-ज्वारीतून गेलेले. ते मी मुंबईच्या व्यापाऱ्याकडून पुन्हा एकदा वसूल करावेत, हे काही मनाला पटेना.

आक्काला फोनवर सगळे सांगितले. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "म्हन्जे आपली नोयेच म्हन ना!"

नागपूरच्या अजबबंगल्याला पत्र धाडले आहे. ते घेतील न घेतील. तूर्त धाब्यावर ताडपत्री आहे, आणि पत्र्यांचे निम्मे पैसे दिवाळीला घेऊन येते, असा आक्काचा निरोप आहे.