खेळण्याची साक्ष

ताम्रपट, नाणीं, बखरी, जुने कागद हीं इतिहासाचीं साधनें होत, हें सर्वांस मान्य आहे. त्या पंक्तींत मुलांचें खेळणें बसवावें असें कोणी म्हटल्यास वाचकांस हंसूं येईल. तथापि ओतीव धातूच्या छोट्या मोटारी जमविणारांच्या कपाटांत एक खेळणें असें आहे कीं, त्याची साक्ष पंचांच्या निकालाविरुद्ध जाते. त्याचीच हकीकत आम्ही येथें सांगणार आहों.

जस्ताचा वितळलेला मिश्रधातु दाबानें पोलादी सांच्यांत लोटला, म्हणजे मोठ्या गाडीचा आकार दोन-तीन इंचांत उतरतो. लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीनें १९३४ मध्यें अशा खेळण्यांस 'डिंकी टॉइज' हें नांव दिलें. १९५६ मध्यें वेल्समधील स्वॉन्सी येथून 'कॉर्गी टॉइज' निघूं लागलीं. त्यांतील मोटारींच्या खिडक्यांस पारदर्शक तावदानें होतीं; ती नवलाई मुलांच्या मनांत भरली.

संग्राहकांपैकीं पुष्कळांचा ओढा प्रवासी मोटारींच्या शर्यतींकडे असतो, आणि तें साहजिक आहे. केवळ शर्यतीसाठीं बांधलेली गाडी रस्त्यावर दिसत नाहीं. प्रवासी वर्गांतील गाडी मात्र शेजाऱ्याच्या दारांतहि उभी असते. १९६६ च्या नियमांप्रमाणें या वर्गाच्या पहिल्या गटांत यावयाचें, तर बारा महिन्यांत तशा ५००० गाड्या तयार झालेल्या असाव्या लागत. अ‍ॅलेक इसिगोनिस यांनीं रचलेली मिनी ही अशीच घरगुती गाडी. सुएझच्या पेचानंतर पेट्रोलची टंचाई झाली, तींतून काटकसरीच्या गाडीची कल्पना निघाली व १९५९ मध्यें मिनी विक्रीस आली. या दहा फुटी गाडीनें १९६४ व १९६५ सालीं माँटे कार्लोची रॅली जिंकली.

१९६६ मध्यें तर पहिले तिन्ही क्रमांक मिनीनेंच पटकावले. परंतु पुढील दिव्यांचा प्रकाश खालीं वळविण्याची सोय नियमास धरून नाहीं, असें ठरवून पंचांनीं तिन्ही गाड्या बाद केल्या. विजय सित्रोएन गाडीच्या पाउली टोइव्होनेनकडे गेला.

त्याच वर्षीं कॉर्गीनें तांबड्या अंगाची, पांढऱ्या छपराची एक मिनी काढली. तिच्यावर २ हा अंक होता, आणि छपरावर चालक टिमो मॅकिनेन व सहचालक पॉल ईस्टर यांच्या सह्या! निकालपत्रकानें ज्यांस वगळलें, त्यांस खेळण्यानें मानाची जागा दिली.

ही साक्ष सर्वस्वीं निःपक्षपाती नाहीं. कारखानदारास माल खपवावयाचा होता, आणि मिनी ही त्याच्याच देशाची गाडी होती. निवाडा न्याय्य होता कीं नव्हता, हें खेळणें सांगूं शकत नाहीं. पण तो निवाडा इंग्लंडांतील दिवाणखान्यांत कोणाच्या मनास पटला नव्हता, हें तें निःसंशय सांगतें. निकालपत्रकांत ही गोष्ट सांपडावयाची नाहीं.

संग्राहक खेळणें पेटींतून काढीत नाहींत, म्हणून त्यांस हंसण्याची चाल आहे; आम्हींहि एके काळीं हंसलों आहों. परंतु धातुहि अमर नाहीं. १९३० नंतरच्या दशकांतील कित्येक गाड्यांच्या मिश्रधातूंत शिशाचा अंश राहिल्यामुळें त्या आपोआप तडकून भुगा झाल्या. छपरावरील सह्या तर मुलांच्या बोटांनीं पुसल्या जावयाच्याच. ज्या मुलानें ती मिनी जमिनीवर मनसोक्त पळविली, त्यानें तिचा खरा उपयोग केला यांत संशय नाहीं. पण जी कोणीं पळविलीच नाहीं, तीच आज साक्षीस उभी आहे.