दगड, काँक्रीट आणि मधली रेघ

टिटवाळ्याला आमच्या जुन्या विटांच्या घराला लागून आम्ही आरसीसीची एक खोली वाढवली. सांध्यावरची भेग मी दरवर्षी बुजवतो. पावसाळा सरला की ती पुन्हा हजर. वीट आणि काँक्रीट वेगवेगळ्या मापाने हलतात, प्लास्टर मधल्यामध्ये फाटतं.

नोकरीत मी याच दुखण्याचे हिशेब केले, फक्त धरणांचे.

११ डिसेंबर १९६७, पहाटेचे ४ वाजून २१ मिनिटं. कोयनेचा भूकंप मुंबईपर्यंत जाणवला. सुमारे १८० माणसं गेली. १०३ मीटर उंच, रबल काँक्रीटचं धरण उभं राहिलं. पण खालच्या अंगाचा उतार जिथे एकदम बदलतो, तिथे तडे गेले. जुन्या पद्धतीच्या हिशेबात ही जागा धोक्याची दिसतच नव्हती. पुढे बर्कलेत अनिल चोप्रा आणि चक्रबर्ती यांनी, धरणातच नोंदलेल्या हादऱ्यांवरून संगणकावर उकल केली. काँक्रीटला न पेलणारा ताण नेमका तिथेच निघाला.

ही फायनाइट एलिमेंट पद्धत. नाव रे क्लफ यांनी १९६० मध्ये दिलेलं. धरणाचं चित्र लहान तुकड्यांत कापायचं, तुकडे कोपऱ्यांच्या गाठींनी जोडायचे. प्रत्येक तुकड्याला आपापल्या पदार्थाचे गुण: काँक्रीटचे वेगळे, खालच्या बेसॉल्टचे वेगळे. सीमेवरची गाठ मात्र दोघांची सामाईक. ती सरकली तर दोघं मिळून सरकतात.

तरुणपणी एका सरावाच्या गणितात मी आळस केला. तुकड्यांची एक रांग अर्धी काँक्रीटमध्ये, अर्धी खडकात पडली. मी सरासरी आकडा भरला. उत्तर इतकं गुळगुळीत आलं की मी खूश! आमच्या साहेबांनी बोट ठेवलं, “हा कोणता पदार्थ, काळे की पांढरे?” सीमेवरची ताणाची उडी मी पुसून टाकली होती, आणि तडा जायचा तर तिथेच जाणार होता. तुकड्याची कड पदार्थाच्या रेघेवरच पडली पाहिजे, हे त्या दिवशी डोक्यात बसलं.

पण सामाईक गाठ म्हणजे अभंग चिकटलेला सांधा, आणि खरा सांधा घसरतो, उघडतोही. १९६८ मध्ये गुडमन, टेलर आणि ब्रेके यांनी त्यासाठी वेगळा तुकडा काढला: दोन्ही बाजूंना स्वतंत्र गाठी, मधली जाडी शून्य.

यंदा गवंडी म्हणाला, “साहेब, सांध्यावर चिकन मेश मारू, मग प्लास्टर.” इथेही जाळीच! मी हो म्हटलं. पावसाळा अजून व्हायचा आहे.