मनोती ते विमा : हप्त्यावरील वस्तूंच्या वरकड रकमेची दीडशे वर्षे

१/ भायखळ्यातील एखाद्या दुकानातून आज फ्रिज हप्त्यावर घेतला, तर पावतीवर किमतीखाली अनेकदा आणखी एक ओळ आढळते : ‘प्रोटेक्शन प्लॅन’, वाढीव वॉरंटी किंवा विमा. ग्राहकाने ती मागितलेली असतेच असे नाही. ही ओळ आधुनिक बाजारपेठेची निर्मिती वाटते. परंतु उसनवारीच्या मूळ रकमेला चिकटणाऱ्या अशा वरकड रकमेला मराठी मुलखात जुने नाव आहे : मनोती.

२/ मनोती म्हणजे कर्ज देतानाच सावकार कापून घेत असे ती रक्कम. साधारणतः शेकडा दोन-तीन रुपये. समजा, खत १०० रुपयांचे लिहिले, तर ऋणकोच्या हाती ९७ पडत; व्याज मात्र पूर्ण १०० वर. खत नवे करताना थकलेले व्याजही मुद्दलात मिसळले जाई. त्यामुळे व्याज मुद्दलाहून अधिक वसूल करू नये, हा ‘दामदुप्पट’चा नियमही कागदावर मोडत नसे आणि व्यवहारात पाळला जात नसे.

३/ १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे सावकारांविरुद्ध उठाव झाला. उठावकऱ्यांचा रोख प्रामुख्याने खतांवर आणि वह्यांवर होता. पुढे १८७९ मध्ये पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या जिल्ह्यांसाठी दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. खतावरील आकड्यावर न थांबता व्यवहाराच्या आरंभापर्यंत हिशेब तपासण्याची जबाबदारी त्याने न्यायालयावर टाकली.

४/ मात्र हे संरक्षण ‘शेतकरी’ या व्याख्येला बांधलेले होते. साताऱ्याचा तोच शेतकरी घाट उतरून भायखळ्याच्या खटाव मिलमध्ये लागला आणि गिरणीच्या पगारावर जगू लागला, की तो त्या व्याख्येतून बाहेर पडे. गावाकडे मिळणारे संरक्षण चाळीच्या खोलीत मिळत नसे. गरज मात्र इथेच वाढलेली होती.

५/ ती किती वाढली होती, याचा पुरावा उपलब्ध आहे. मुंबईच्या लेबर ऑफिसने १९२१-२२ मध्ये कामगारांच्या घरखर्चाची पाहणी केली. २,४७३ कुटुंबांचे हिशेब तपासले गेले. सरासरी मासिक उत्पन्न सुमारे ५२ रुपये होते. ४७ टक्के कुटुंबे कर्जबाजारी होती आणि कर्ज सुमारे अडीच महिन्यांच्या कमाईइतके होते. व्याजाचा प्रचलित दर दरमहा रुपयाला एक आणा, म्हणजे वर्षाला ७५ टक्के होता.

६/ विशेष म्हणजे या पाहणीपूर्वीच, १९१८ मध्ये, अवाजवी व्याजाविरुद्धचा कायदा संमत झाला होता. व्याज जाचक आहे का, हे ठरवताना खर्च, चौकशी, दंड, प्रीमियम, नूतनीकरण अशा कोणत्याही नावाखाली घेतलेल्या रकमा विचारात घ्याव्यात, असे त्यात स्पष्ट होते. न्यायालयाला जुना हिशेब पुन्हा उघडता येई आणि जादा घेतलेले पैसे परत करण्याचा आदेशही देता येई. मनोतीची पळवाट शब्दशः बंद झाली होती.

७/ तरीही कामगाराच्या हाती फारसे काही आले नाही. कारण हा अधिकार मुख्यतः सावकाराने वसुलीचा दावा लावला तरच वापरता येई. ऋणकोला स्वतःहून परतावा मागण्याची वाट जवळपास नव्हतीच. आणि पठाण सावकार दावा लावण्याऐवजी पगाराच्या दिवशी काठी घेऊन गिरणीच्या दारात उभा राहत असे. वसुलीसाठी कारखान्याला असा वेढा घालणे दखलपात्र गुन्हा ठरवावे, अशी शिफारस व्हिटली आयोगाला १९३१ मध्ये करावी लागली.

८/ याच काळात उधारीचा दुसरा प्रकार रुजत होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सिंगर कंपनीचा भारतातील कारभार नसरवानजी मेरवानजी पटेल हे पारशी गृहस्थ पाहत. शिवणयंत्रे हप्त्यांवर मिळू लागली. ही ‘भाडेखरेदी’ होती : शेवटचा हप्ता फिटेपर्यंत मालकी कंपनीची, तोवर ग्राहक केवळ भाडेकरू. कायद्याच्या भाषेत हे कर्जच नव्हते. त्यामुळे कर्जावरील व्याजाचे नियम त्याला सहजी लागू होत नसत.

९/ ही उणीव स्वातंत्र्यानंतर ओळखली गेली. विधी आयोगाने १९६१ मध्ये आपला विसावा अहवाल भाडेखरेदीवर दिला आणि १९७२ मध्ये संसदेने कायदा केला. करारात रोख किंमत आणि हप्त्यांची एकूण किंमत दोन्ही लिहिणे बंधनकारक होते. आकाराला कमाल मर्यादा होती. मर्यादा ओलांडली गेल्यास ग्राहकाला लेखी सूचना देऊन जादा रक्कम कमी करून घेता येई किंवा करारच रद्द मानून भरलेले पैसे परत मागता येत. दावा सावकाराने लावण्याची वाट पाहण्याचे कारण उरले नव्हते.

१०/ पण हा कायदा अमलात आलाच नाही. १९७३ मध्ये अंमलबजावणीची तारीख जाहीर झाली आणि ती अधिसूचना मागे घेतली गेली. तीन दशके कायदा पुस्तकात राहिला. २००५ मध्ये तो रद्द करण्यात आला. त्या काळात ज्यांनी पंखे, रेडिओ, शिवणयंत्रे हप्त्यांवर घेतली, त्यांना त्यातील एकही कलम वापरता आले नाही.

११/ खरा बदल १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने झाला. आता ग्राहक स्वतः तक्रारदार होऊ शकत होता. वकील सक्तीचा नव्हता आणि आरंभी शुल्कही नव्हते. दक्षिण मुंबईचा जिल्हा मंच परळच्या पुरवठा भवनात भरत असे, भायखळ्यापासून अगदी जवळ. तरीही काही शे रुपयांच्या विम्यासाठी किती जण रजा टाकून तारखांना जाणार, हा प्रश्न उरलाच.

१२/ या प्रश्नाचे एक उत्तर ब्रिटनमध्ये मिळाले. तिथे कर्जांना जोडून ‘पीपीआय’ नावाचा विमा कोट्यवधींना विकला गेला होता. अनेकांना त्याचा लाभ मिळणे मुळातच अशक्य होते. परताव्यासाठी न्यायालयात जाण्याची गरज ठेवली नाही : तक्रार थेट कंपनीकडे, नकार आल्यास लोकपालाकडे, दोन्ही विनाशुल्क. मुदत संपत असल्याचे सांगायला नियामकाने अर्नोल्ड श्वार्झनेगर यांच्या यांत्रिक डोक्याची जाहिरात केली. २०११ पासून सुमारे ३८ अब्ज पौंड परत गेले. २०१९ मध्ये भाडेखरेदीच्या घरगुती वस्तूंवरही दरमर्यादा आली आणि तिची भरपाई विमा वा वॉरंटी महाग करून काढण्यास बंदी घातली गेली.

१३/ भारतात नोव्हेंबर २०२३ मध्ये ‘डार्क पॅटर्न्स’विषयी मार्गदर्शक तत्त्वे आली. ग्राहकाच्या संमतीविना ऑनलाइन खरेदीत जादा सेवा घुसवणे त्यांत अनुचित ठरवले आहे. विमान तिकिटाबरोबर आपोआप जोडला जाणारा प्रवासविमा हे तिथले एक उदाहरण आहे. मनोती ओळखण्यात कायदा पुन्हा एकदा चुकलेला नाही.

१४/ तो १८७९ मध्येही चुकला नव्हता आणि १९१८ मध्येही नाही. भायखळ्याच्या कामगाराचे पैसे परत आले नाहीत, ते कलमात शब्द कमी पडले म्हणून नव्हे. कधी तो व्याख्येत बसला नाही, कधी दावा दुसऱ्याने लावायचा होता, कधी कायदाच सुरू झाला नाही. म्हणून असा कायदा वाचताना तो काय देतो, याबरोबरच ते मागायला कोणी आणि कुठवर जायचे, हेही तपासावे लागते.

(समाप्त)